घरातल्या खोल्यांचे रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती बसले की हे प्रश्न सुरू होतात आणि दिवाळीच्या फराळापर्यंत थांबत नाहीत. विचारणारे बहुतेक मुंबई, ठाणे, पुण्याच्या फ्लॅटमधले असतात, त्यामुळे उत्तरंही तिथल्या उजेडाची आणि तिथल्या पावसाची आहेत. गावाकडच्या मातीच्या घरांबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

शेड कार्ड घेऊन आठवडाभर बसलोय, ठरतच नाही. सुरुवात कुठून करायची?

शेड कार्ड मिटून ठेवा आणि खाली बघा. भिंतीला हजारभर रंग मिळतात, फरशी मात्र जी आहे तीच राहणार. ओट्याचा ग्रॅनाइट, दारांचं लॅमिनेट, भिंतीला लागून केलेली कपाटं, इतक्यात बदलायचा नसलेला सोफा यांची आधी यादी करा. रंग यांच्याशी जुळवायचा आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्रीम व्हिट्रिफाइड टाइल्सच्या घरात. बिल्डरने दिलेली दोन बाय दोनची पिवळसर चकचकीत फरशी, आणि मोबाइलवर पाहून पसंत केलेला निळसर राखाडी रंग. तो रंग लागला की फरशी एकदम जुनाट, चहा सांडून पुसल्यासारखी दिसायला लागते, आणि भिंत ठरवल्यापेक्षा जास्त निळी. दोष कुणाचाच नाही, पिवळसर आणि निळसर शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात. अशा फरशीवर राखाडीच हवा असेल तर मातकट झाक असलेला घ्या, नाहीतर सरळ हस्तिदंती किंवा फिक्या बदामीकडे वळा.

जुन्या इमारतीत मोझॅक टाइल्स असतील तर काम सोपं. गुडघ्यावर बसून त्यातले खडे बघा: हिरवट, विटकरी, काळे, मधाच्या रंगाचे. त्यातला एक निवडा आणि त्याचाच पाण्यासारखा पातळ केलेला रंग भिंतीला द्या. शहाबादी फरशी मुळात थंड राखाडी असते, तिच्यावर उबदार पांढरा किंवा फिका पिवळा खुलतो. शहाबादीवर निळा दिला तर पावसाळ्यात दुपारी बारालाही दिवा लावावासा वाटेल.

कार्डावर फिका दिसला होता. भिंतीवर एवढा भडक कसा झाला?

कार्डावरचा तुकडा दोन बोटांचा, आणि त्याच्याभोवती पांढरा कागद. खोलीत तोच रंग चार भिंतींवर जातो आणि त्या भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात. पिवळा, पीच, पिस्ता यांच्या बाबतीत हे फार जाणवतं. दहा बाय दहाच्या खोलीत चारही भिंती पिवळ्या केल्या तर आत बसलेल्या माणसाचा चेहराही पिवळा दिसतो. म्हणून कार्डाच्या एका पट्टीवर जो आवडला, त्याच्या एक-दोन पायऱ्या फिका घ्या.

इमल्शन, म्हणजे भिंतीला लावतात तो पाण्यात कालवायचा प्लास्टिक रंग, ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर थोडं गडद होतं. रंगारी पहिला हात मारत असताना 'फारच फिका झाला, अजून स्टेनर टाक' असं सांगू नका (स्टेनर म्हणजे डब्यात मिसळायचं घट्ट रंगद्रव्य). रात्रभर वाळू द्या.

सॅम्पल कसं बघायचं?

सगळ्या कामात अर्धा दिवस कुठे घालवायचा असेल तर तो इथे. बहुतेक जण भिंतीवरच वीतभर पट्टा मारून बघतात. त्यात दोन अडचणी आहेत. जुन्या रंगाच्या मधोमध नवा रंग खरा दिसत नाही, कारण डोळा तुलना शेजारच्या रंगाशी करतो. आणि पट्ट्याच्या जाड कडा पुढे रोलर फिरवल्यावरही तिरक्या उजेडात दिसतात, मग त्या घासत बसावं लागतं.

त्यापेक्षा दुकानातून लहानात लहान डबा घ्या, हार्डबोर्डचा किंवा जाड पुठ्ठ्याचा दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा घ्या. त्याला आधी पांढऱ्या प्रायमरचा एक हात, मग रंगाचे दोन. वाळला की भिंतीला टेकवून उभा करा, आडवा ठेवू नका. जमिनीवर पडलेल्या तुकड्यावर छताचा उजेड पडतो, भिंतीवर तसा पडत नाही. खालची कड फरशीला टेकलेली असू दे. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी तीनला आणि रात्री सगळे दिवे लावून बघा, मग तो तुकडा खिडकीसमोरच्या भिंतीवरून खिडकीच्याच भिंतीवर न्या. खिडकी असलेली भिंत स्वतः अंधारात असते, तिथे तोच रंग दोन पायऱ्या गडद दिसतो. ते पाहून पुष्कळांचा बेत बदलतो, आणि तो पुठ्ठ्यावर बदललेला बरा.

पडदा शिवून झाला असेल तर तोही शेजारी धरा. झाला नसेल तर आधी रंग, मग पडदा.

दिवसा छान दिसतो, पण रात्री ट्यूब लावली की भिंत मेल्यासारखी दिसते. रंग चुकला का?

बहुधा दिवा चुकलाय. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार उजेड, ४००० च्या आसपास मधला, ६५०० म्हणजे आपल्याकडचा लोकप्रिय दुधी-निळसर 'व्हाइट'. ६५०० च्या ट्यूबखाली क्रीम, आबोली, पीच हे सगळे रंग आजारी दिसतात, आणि राखाडी निळा होतो. उलट पिवळ्या दिव्याखाली फिका जांभळा मातकट होतो.

भिंत पुन्हा रंगवण्याआधी दीड-दोनशे रुपयांचा ४००० केल्विनचा बल्ब लावून बघा. नवं काम काढणार असाल तर दिवे आधी ठरवा. खोक्यावर 'सीआरआय'चा आकडाही मिळाला तर ८० च्या खालचा दिवा घेऊ नका, ९० मिळाला तर उत्तम. तो आकडा जितका जास्त तितके रंग खऱ्याच्या जवळ दिसतात.

आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला आहे. आणि आतल्या खोलीची डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या मधल्या अरुंद पोकळीत उघडते.

पश्चिमेच्या खोलीत चारनंतर उन्हाचा केशरी रंग भिंतीवर येतोच, त्यात तुम्ही आणखी पिवळा-केशरी घातलात तर मे महिन्यात खोलीत बसवत नाही. तिथे थंड रंग शोभतात: फिका हिरवा, राखाडी निळा, स्वच्छ पांढरा. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर सारखा आणि थोडा निळसर उजेड येतो. तिथे ऊब असलेला रंग हवा.

डक्टकडच्या खोलीबद्दल खरं सांगायचं तर तिथे रंगाने फारसा चमत्कार होत नाही. उजेडच नसेल तर पांढरी भिंतही राखाडीच दिसते. अशा खोलीत मी पांढऱ्याच्या मागे लागू नका असं सांगतो. मधाळ, विटकरी, गडद हिरवा असा एखादा भारदस्त रंग आणि दोन चांगले दिवे दिले तर ती खोली मुद्दाम तशी केल्यासारखी वाटते.

आणि खिडकीसमोर काय आहे ते विसरू नका. पंधरा फुटांवर समोरची इमारत गुलाबी असेल, तर तुमच्या पांढऱ्या भिंतीवर सकाळभर गुलाबी झाक असणार. दारात आंब्याचं झाड असेल तर हिरवट.

खोली लहान आहे. पांढरा दिला की मोठी दिसेल ना?

उजेड असेल तर हो. पण लहान खोली लहान दिसते ती बहुतेक वेळा तुकड्यांमुळे. भिंत एका रंगाची, बीम वेगळ्या रंगाचा, माळ्याचं दार तिसऱ्या रंगाचं, वर पीओपीच्या पट्टीला सोनेरी. आपल्या फ्लॅटमध्ये खोलीच्या मधून जाणारे बीम असतातच. त्यांना कधीही वेगळा रंग देऊ नका. बीम, माळा आणि भिंत एका रंगात घ्या, छत त्याच रंगाच्या खूप फिक्या छटेत किंवा पांढरं ठेवा. खोली मोठी होत नाही, पण नजर अडकत नाही.

काही कंपन्यांच्या शेडच्या माहितीत 'एलआरव्ही' हा ० ते १०० मधला आकडा असतो. तो रंग किती उजेड परत फेकतो ते त्यावरून कळतं. अंधाऱ्या पॅसेजला ७० च्या वरचा घ्या.

एक भिंत गडद करायची फॅशन अजून आहे का?

फॅशन माहीत नाही, हौस आहे. करायची असेल तर पलंगाच्या डोक्याकडची भिंत करा, म्हणजे झोपताना ती डोळ्यांसमोर येत नाही. टीव्हीमागची गडद भिंत डोळ्यांना बरी वाटते. दारं-खिडक्यांनी तुकडे पडलेली भिंत गडद करू नका.

गडद लाल आणि झळझळीत पिवळा निवडताना खर्च धरून चाला. या रंगांच्या डब्यात झाकण्याचं काम करणारं पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतं, त्यामुळे दोन हातांत खालचं झाकलं जात नाही. तीन-चार हात लागतात. रंगाऱ्याला आधी त्या रंगाच्या जवळचा राखाडी किंवा गुलाबी हात मारायला सांगितलं तर एखादा हात वाचतो.

स्वयंपाकघराला काय द्यावं?

रोज दोन वेळा फोडणी होणाऱ्या घरात रंगापेक्षा तो पुसला जातो का, हे महत्त्वाचं. ओट्यावर टाइल्स दोन फुटांपर्यंतच असतील तर त्यावरची भिंत धुता येईल अशा इमल्शनने रंगवा, साधं डिस्टेंपर (स्वस्तातला, खडूसारखा रंग) नको. तेलाचा थर पिवळट तपकिरी असतो, म्हणून शुभ्र पांढरा आणि फिका निळा इथे वर्षभरात मळकट दिसतात. क्रीम, फिका हळदी, मातकट छटा तो थर पोटात घालतात. चिमणीच्या वरची हातभर जागा तरीही काळवंडेल. तेवढा भाग पुन्हा मारायला थोडा रंग बाजूला काढून ठेवा.

मुलांची खोली?

मुलालाच विचारा, पण भिंतीऐवजी कपाटाचं दार किंवा टेबल त्याच्या आवडीचं करा. सहाव्या वर्षीचा लाडका रंग दहाव्या वर्षी नकोसा होतो. खाली चार फुटांपर्यंत पुसता येणारा रंग द्या. खडू, स्केचपेन, चेंडू आणि पाय हे सगळं तेवढ्याच उंचीत घडतं.

आजी-आजोबांच्या खोलीबद्दल कुणी काही सांगत नाही.

आणि तिथेच रंगाचा सर्वात उपयोग होतो. वय वाढतं तशी डोळ्यातली भिंग पिवळट होत जाते. फिका निळा, फिका जांभळा, फिका हिरवा हे सगळे मग सारखेच राखाडी वाटायला लागतात. तुम्ही हौसेने दिलेला लॅव्हेंडर आजींना दिसतच नसतो.

या खोलीत फरक उठून दिसला पाहिजे. दाराची चौकट भिंतीपेक्षा गडद करा. पांढऱ्या भिंतीवर पांढरा स्विचबोर्ड रात्री सापडत नाही, भिंत जरा रंगीत असली की तो लगेच दिसतो. बाथरूमच्या उंबऱ्याला वेगळा रंग द्या आणि तिथला आधाराचा दांडा टाइल्सच्या रंगाचा घेऊ नका. भिंतीला चकाकी नको, खिडकीचा उजेड तिच्यावरून डोळ्यांत जातो.

वास्तुशास्त्राप्रमाणे रंग निवडावेत का?

घरात ज्यांना ते मानायचं आहे त्यांनी मानावं, भांडण काढू नये. दिशा सांगणारे बहुतेक जण रंगाचं कुळ सांगतात: पिवळा, हिरवा, पांढरा. त्या कुळात शंभर छटा असतात, आणि त्यातली उजेडाला व फरशीला जुळणारी निवडायला कुणाची हरकत नसते. देवघराला मात्र एक व्यवहाराची गोष्ट: समई आणि उदबत्तीच्या वरची भिंत काळी होणारच. तिथे टाइल किंवा दगडाची पाटी लावा.

डिस्टेंपर, इमल्शन, मॅट, ग्लॉस यांत काय घ्यायचं?

छताला साधं आणि मॅट, म्हणजे चकाकी नसलेलं. भिंतीला इमल्शन. जितकी चकाकी जास्त तितकी भिंत पुसायला सोपी, पण तितकेच पुट्टीचे पट्टे आणि खड्डे उघडे पडतात. जुन्या, वाकड्यातिकड्या भिंतीला मॅटच बरा. चकाकी हवीच असेल तर आधी पुट्टी नीट भरून घासून घ्या, आणि काम झालं म्हटल्यावर रात्री मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका मारा. सगळं दिसतं. रंगाऱ्यांना ही तपासणी आवडत नाही. प्रायमरनंतर, रंगाच्या आधी करा, म्हणजे वाद होत नाहीत.

भिंतीला ओल आहे. कुठला रंग दिला तर झाकली जाईल?

कुठलाच नाही. मुंबई-कोकणात नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंतीला झोडपतो, पाणी तिथल्या भेगांतून आत येतं. येताना सिमेंट-विटांतले क्षार बरोबर आणतं. पाणी उडून जातं आणि क्षारांची पांढरी भुकटी रंगाला आतून ढकलते. लोणा लागला म्हणतो तो हाच. आतून कितीही भारी रंग लावा, तो फुगून पापुद्र्याने सुटणार. दुरुस्ती बाहेरून, आणि सोसायटीमार्फत.

भिंत वाळली का, हे बघायला एक जुनी युक्ती. हातभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि एक दिवस तसंच ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर थांबा.

नव्या फ्लॅटलाही हेच. ताजं प्लॅस्टर कडक व्हायला किमान २८ दिवस, आतून वाळायला त्याहून जास्त लागतात. पहिल्या वर्षी साध्या पांढऱ्यावर भागवा. बारीक भेगा पडायच्या त्या पडून जाऊ देत, हौसेचा रंग पुढच्या दसऱ्याला.

जुन्या खिडक्यांचा ऑइलपेंट घासून काढायचाय. चालेल?

कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारे नियम २०१६ साली झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं बरंच असू शकतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते घातक आहे. ओला पॉलिश पेपर वापरा, मास्क लावा, खाली प्लॅस्टिक पसरा, लहान मुलं आणि गरोदर बाईंना तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

रंग किती लागेल? रंगारी सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा?

स्वतः मोजा, दहा मिनिटांचं काम आहे. १० बाय १२ ची खोली, उंची ९ फूट. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले ९ म्हणजे ३९६ चौरस फूट. दार-खिडकीचे ३५-४० वजा करा, राहिले साधारण ३६०. चांगल्या गुळगुळीत भिंतीवर इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हातांचे १२० ते १४० चौरस फूट होतात. म्हणजे तीन लिटरच्या आत-बाहेर. चार लिटरचा डबा घ्या, उरलेला टचअपला. छताचे १२० वेगळे. अख्ख्या घरासाठी कारपेट एरियाच्या तीन-साडेतीन पट हा रंगाऱ्यांचा ठोकताळा असतो. भिंतभर कपाटं असलेल्या घरात तो जास्त होतो, म्हणून मोजमाप टेपने आणि तुमच्या समोर.

रंगारी म्हणतो, 'तोच शेड दुसऱ्या कंपनीत बनवून देतो.'

जवळपास बनतो, तोच नाही. प्रत्येक कंपनीचा बेस (ज्यात स्टेनर मिसळतात तो मूळ रंग) आणि स्टेनर वेगळे, त्यामुळे दिवसा जुळलेला रंग रात्रीच्या दिव्यात वेगळा पडू शकतो. रंगाऱ्याला एका कंपनीचा आग्रह का असतो, याची एक साधी पार्श्वभूमी आहे: वर्षानुवर्षं डब्यांतून रंगाऱ्यांसाठी टोकन निघत आलंय, त्याचे त्याला पैसे किंवा पॉइंट मिळतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही, टोकन त्याला घेऊ द्या. पण कंपनी आणि शेड तुम्हीच ठरवा.

दुकानात 'आबोली द्या' म्हणू नका, तिथे प्रत्येकाची आबोली वेगळी असते. शेडचा कोड, प्रकार आणि चकाकी चिठ्ठीवर लिहून द्या. मशिनवर बनवलेला रंग परत घेत नाहीत. दोन-तीन डबे लागणार असतील तर एकाच वेळी बनवून घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मग वापरा, नाहीतर कोपऱ्यावर दोन भिंतींत फरक दिसतो.

भाड्याचं घर आहे.

मालकाची परवानगी मेसेजवर लेखी घ्या. ११ महिन्यांच्या करारात पैसे घालायचेच तर एक भिंत रंगवा आणि दिवे बदला. दिवे जाताना काढून नेता येतात.

गावच्या मातीच्या घराला शहरातला प्लास्टिक पेंट लावू का?

कृपया नको. मातीची आणि चुन्याची भिंत पाऊस पिते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर प्लास्टिकचा थर बसला की पाणी आत अडकतं आणि दोन पावसाळ्यांत भिंत ढिसूळ होते. कळीचा चुना विझवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर नीळ घालून पातळ तीन-चार हात मारा. नीळ घातली की चुन्याचा पिवळेपणा जातो. अंगाला पांढरं लागू नये म्हणून त्यात डिंकाचं पाणी घालतात. चुना विझवताना उकळतो आणि डोळ्यांना फार वाईट, लांब उभं राहा. खाली हातभर गेरूचा पट्टा घ्या. पावसाचं उडालेलं तांबडं पाणी त्यात दिसत नाही, आणि गेरू हे लोहाचं खनिज असल्यामुळे उन्हात विटत नाही. बाजारातले जांभळे-गुलाबी बाहेरच्या भिंतीवर लवकर उडतात, मातकट आणि पिवळे गेरू टिकतात.

काम झालं. उरलेला रंग टाकून द्यायचा?

घट्ट झाकणाच्या लहान बरणीत काठोकाठ भरा, आत हवा कमी राहिली की साय धरत नाही. बरणीवर खोलीचं नाव, कोड आणि महिना लिहा. बंद राहिला तर इमल्शन वर्ष-दोन वर्षं सहज टिकतं, वास आंबूस आला तर टाका. मॅट भिंतीवर बोटभर डाग झाकता येतो. चकाकीच्या भिंतीवर तो ठिगळासारखा दिसतो, तिथे एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारावी लागते, म्हणून तेवढं लिटरभर हाताशी ठेवा.